एक्केचाळीस दिवस

शार्क झोपतो का

अपूर्णांकांचा भागाकार

चंद्रावर नारळ लावला तर

मौरी. माणूस पाण्याशिवाय किती दिवस जगतो?

शाळा सुटली की कातिमिराबाई ही यादी वाचत. बेटावर इंटरनेट नाही. राजधानी तारावाहून जहाजाने आलेल्या निळ्या संगणकी खोक्यात चार हजार पुस्तकं आहेत. मुलं शब्द टाकतात, खोकं शोधतं, आणि काय शोधलं ते लिहून ठेवतं. यंत्रालाही आधी 'मौरी' म्हणून नमस्कार करणारी शाळेत एकटी रोतिया.

"मौरी कशाला म्हणतेस गं? तुझी मावशी बसलीय का आत?" मुली चिडवत.

"असली तर? बिचारीला वाईट नको वाटायला."

रोतियाचे वडील मासेमारीला गेले त्याला बावीस दिवस झाले होते. विमानाने शोध केव्हाच थांबवला होता.

आरोग्याच्या पुस्तकातून खोक्याने उत्तर दिलं होतं: तीन.

मौरी. पाऊस पडला तर?

मौरी. कासवाचं रक्त पिऊन?

निकाल शून्य. निकाल शून्य.

बाईंचा मामाही असाच वाहून गेला होता, आणि जिवंत परतला होता. त्याच दुपारी त्यांनी त्याची हकीकत टाइप केली. ताडपत्रीत साठवलेलं पावसाचं पाणी, कच्चा मासा, नावेवर येऊन बसलेला पक्षी. दिवसांचा आकडा टाकताना त्या जरा थांबल्या. मग पान खोक्यात चढवलं.

दुसऱ्या दिवशी रोतिया टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, एक्केचाळीस?"

"हं."

"तुम्हीच सांगता ना, आधी लिहिणारं कोण ते बघा. खाली तुमचं नाव आहे."

"मग?"

"मग बरोबरच असणार."

त्या दुपारी मैत्रिणीने पुढे केलेला मासा तिने काट्यापर्यंत खाल्ला. घरी वडिलांची चटई ती रोज उन्हात घालू लागली. शाळेच्या खिडकीतून ती चटई दिसायची. यादीत मौरी येईनाशी झाली.

मग एका सोमवारी:

वादळाला नाव कोण देतं

अपूर्णांकांचा भागाकार

मौरी. बेचाळिसाव्या दिवशी काय होतं?

निकाल शून्य.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन कडक होतं. चटई नव्हती.

मामा एकोणिसाव्या दिवशी किनाऱ्याला लागला होता.