कावळे तिकडे, मी इकडे

गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत मला पहिल्या तिनात यायचं होतं. पहिला नंबर नको होता, कारण तो हिल्काआत्याचा असतो. त्यावर आमच्या गावात कुणी चर्चासुद्धा करत नाही.

कारण सांगतो. उन्हाळ्यात पाहुण्यांना तळ्यावर मासेमारीला न्यायचा धंदा मला सुरू करायचाय. होडी आहे. इंजिन आहे. आईची भाड्याने द्यायची दोन लाकडी घरं आहेत, तिथे शहरातले लोक येऊन राहतात. फक्त परवानगी नव्हती. धंदा म्हणून माणसं न्यायची तर गावच्या तळ्याच्या संघाने हो म्हणावं लागतं, आणि संघाची अध्यक्ष माझी सख्खी आत्या. मग अडचण काय, असं तुम्ही म्हणाल. तीच तर अडचण.

ख्रिसमस झाल्यावर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ती गळाला धागा बांधत होती. मान वर केली नाही.

"तू लोकांना मासे दाखवणार?"

"हो."

"तुला दिसतात का पण?"

"आत्या, मी शाळेत जायच्या आधीपासून..."

"गेल्या वर्षी स्पर्धेत कितवा आलास?"

मी कॉफी प्यायलो. खूप वेळ प्यायलो.

"मार्चच्या स्पर्धेत पहिल्या तिनात ये," ती म्हणाली. "आलास की परवानगी तुझी. नाही आलास तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा विषय माझ्या घरात काढायचा नाही."

"आलो तर मागे फिरायचं नाही हां."

"मी कधी फिरलेय, एतू?"

फिरत नाही ती. म्हणून तर सगळे घाबरतात तिला.

आता खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती. मला माहीत होतं मासे कुठे आहेत. मला पाणमांजराने सांगितलं होतं.

म्हणजे असं. फेब्रुवारीत मी स्की घालून तळ्याच्या कडेकडेने फिरत होतो. उत्तरेच्या टोकाला स्प्रूसच्या झाडांखाली एक मोठा खडक आहे, त्याच्या बाजूला बर्फ कायम पातळ राहतो. तिथे एक भोक दिसलं. भोकाभोवती पावलं, पोटावर घसरल्याची लांबच लांब खूण, आणि बर्फावर अहवेनचे खवले. अहवेन म्हणजे तो पाठीवर काटे आणि अंगावर पट्टे असलेला मासा, आमच्या स्पर्धेत तोच धरतात, बाकीचे मोजत नाहीत. पाणमांजर हिवाळ्यात उगाच लांब पोहत नाही. जिथे जेवायला मिळतं तिथेच राहतं.

मी भोकापासून बराच लांब, जिथे तळाचा दगडी उतार सुरू होतो तिथे गिरमिटाने बर्फात भोक पाडलं. पोटावर झोपलो. जाकीट डोक्यावर ओढलं, डोळा भोकाला लावला. अंधार केला की खालचं पाणी हिरवं दिसायला लागतं. आणि उभे होते सगळे. ओळीने, एकाच दिशेला तोंड करून, गुबगुबीत. हलतसुद्धा नव्हते.

गुपचूप भोकावर बर्फ लोटला आणि घरी गेलो. आईलाही सांगितलं नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. आमच्याकडे बर्फावर कुणी कुणाला "कुठे लागतोय?" असं विचारत नाही. विचारलं तरी खरं कोण सांगणार. सगळे फक्त पाठीकडे बघत बसतात. कुणाचा खांदा जरा जास्त हलला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती पंधरा भोकं. मग खालचे मासे गिरमिटांच्या घरघरीने पळून जातात आणि कुणालाच काही मिळत नाही. म्हणून जाणता माणूस मासा काढतानासुद्धा जांभई दिल्यासारखं करतो आणि बुटाने तो बर्फाखाली सारतो. ते मला जमतं.

पण कावळ्यांचं काय करायचं? आमचे कावळे करडे असतात, डोकं आणि पंख काळे. बर्फावर कुणाला लागतंय हे त्यांना आपल्या आधी कळतं, कारण लहान मासे लोक मागे फेकतात. तुम्ही कितीही जांभया द्या, मागे कावळा येऊन बसला की संपलं. आणि आमच्या गावात एक माणूस आहे, तार्मो, लाकडाच्या गिरणीत क्रेन चालवतो. दोन वर्षं तिसरा येतोय. तो मासे शोधतच नाही. तो कावळे शोधतो. आणि बाकीचे तार्मोला शोधतात.

त्यावर उपाय मला स्पर्धेच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सापडला.

त्या आठवड्यात आईच्या एका घरात ओईवा नावाचे काका उतरले होते. हेलसिंकीचे. जन्मभर ट्राम चालवली, आता निवृत्त. स्की करायला आले होते, पण गुडघा दुखतो म्हणून करत नव्हते. स्पर्धेत नाव दिलं होतं, कारण नाव दिलं की वाटाण्याचं सूप फुकट असतं असं त्यांनी ऐकलं होतं.

"काका, आज मासे पकडायचेत, का मजा करायचीय?"

"दोन्ही एकदम होत नाही का?"

"पहिल्या वर्षी नाही होत."

"मग मजा."

मी त्यांना योजना सांगितली. ते इतके हसले की पाव घशात अडकला.

"म्हणजे मी आमिष," ते म्हणाले.

"आमिष असं नाही..."

"आमिषच रे. लाजतोस कशाला? बायको गेल्यापासून मला कुणी कशालाच वापरलं नाही. चल."

स्पर्धा सुरू होताना भोंगा वाजतो आणि सगळे तळ्यावर निघतात. पळायला बंदी आहे. त्यामुळे शंभरएक माणसं पाठीला पिशव्या आणि हातात गिरमिटं घेऊन अशी चालतात की जणू सगळ्यांना एकदम संडासला लागलीय. हिल्काआत्या मात्र रमतगमत. ती नेहमीच्या जागी, बेटाच्या सावलीत जाऊन बसली. तिच्याजवळ कुणी जात नाही. एकदा कुणी गेलं होतं म्हणतात.

मी आधी किनाऱ्याजवळच बसलो. तिथे बोटाएवढे मासे कितीही मिळतात. मूठभर काढले, काकांच्या खिशात घातले आणि त्यांना समोरच्या उथळ खाडीत पाठवलं. तिथे तळाला नुसता गाळ. मासा तिथे चुकून गेला तर लाजून परत येतो.

काका बसले. भोक पाडायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं आता उन्हाळाच येतो. मग एक मासा मागे फेकला. थोड्या वेळाने दुसरा. एक कावळा आला. मग दोघं. मग जंगलातून एक मोठा डोमकावळा आला आणि काकांच्या अगदी बुटाजवळ बसून हक्काने वाट बघायला लागला.

तार्मोने मान वळवली.

मी दुसरीकडे बघत असल्यासारखं करत होतो, पण लक्ष तिकडेच. त्याने गिरमिट खांद्यावर टाकलं. उठला. त्याच्या मागचे दोघं उठले. त्यांच्या मागचे चौघं. मग सगळ्या तळ्यावर एकच चळवळ सुरू झाली. कुणी पळत नव्हतं, पण चालतही नव्हतं. दहा मिनिटांत ती खाडी चाळणी झाली आणि मधोमध ओईवा काका राजासारखे बसलेले.

मी उत्तरेच्या टोकाकडे चालत गेलो. सावकाश. वाटेत कुणी नाही.

तिथे कसं होतं सांगू? शांत. लांबून गिरमिटांची घरघर. उघड्या पाण्याकडून दोन हंसांचा आवाज, ते नुकतेच आले होते, अजून भांडत होते. ओठाखालची एक अळी काढली, तिथे ठेवली की गोठत नाही, गळाला लावली आणि सोडली. गळ तळाला टेकायच्या आत धागा जड झाला. काढला. पट्टे, लाल पंख, हातात काटे. पिशवीत. परत सोडला. परत जड. खडकाच्या बाजूला भोकात एकदा चपटं डोकं वर आलं, मिशा, डोळे, माझ्याकडे बघून फूं केलं आणि खाली गेलं. मी थांबलो, ते परत येईना, मग परत सुरू केलं. शेवटचा भोंगा झाला तेव्हा मला पिशवी ओढत न्यावी लागली. हे मी वाढवून सांगत नाही. ओढत नेली.

किनाऱ्यावर राउनो काकांचा काटा. ते वजन करतात, ओरडून सांगतात, त्यांची मुलगी पाटीवर लिहिते. आत्या पहिली, अर्थातच. दुसरा गिरणीतला एक म्हातारा. तिसरा तार्मो, खाडीत जायच्या आधीच त्याने बऱ्यापैकी काढले होते. वजनाच्या रांगेत माझ्यापुढे अजून चारपाच माणसं होती. माझ्या तोंडावर हसू येत होतं, ते काही केल्या जात नव्हतं.

आणि मागे सुपाच्या टेबलाशी ओईवा काका तार्मोशी गप्पा मारत होते.

"तुम्ही काय लावत होता गळाला?" तार्मोने विचारलं. "एवढे कावळे."

"मी? काही नाही. मासे मला या पोराने दिले होते. एतूने. कावळ्यांना टाकायला." आणि अभिमानाने सगळं सांगितलं त्यांनी. सगळं.

तार्मोने चमचा खाली ठेवला.

"दिले?"

"हो. खिशात."

"राउनो," तार्मो तिथूनच म्हणाला, "स्पर्धा चालू असताना एकाने दुसऱ्याला मासे दिले तर काय होतं?"

नियम सगळ्यांना पाठ आहे. फार पूर्वी एका नवराबायकोने दोघांचे मासे एका पिशवीत घातले होते, तेव्हापासूनचा आहे तो. मला तो आठवलाच नव्हता. मी कावळ्यांचा विचार केला, तार्मोचा केला, माशांचा केला. नियमाचा नाही.

"तसं नव्हे हो," ओईवा काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे, ते मला किनाऱ्यावर पडलेले..."

"राहू द्या काका," मी म्हणालो.

राउनो काकांनी माझ्याकडे बघितलं. "दिलेस का रे?"

"दिले."

"कावळ्यांनी खाल्लेले आहेत ते," मागून कुणीतरी म्हणालं. "काट्यावर कुठे आलेत?"

"नियमात कावळा नाहीये," तार्मो म्हणाला. वाईट हेतूने नाही म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि जरा जास्त आवाजात.

"बाद," राउनो काका म्हणाले. पाटीवर माझ्या नावावर रेघ. मी पिशवी उचलायला वाकलो.

"कुठे चाललास?"

हिल्काआत्या. एका हातात सूप, दुसऱ्यात वेलदोड्याचा गोड पाव.

"घरी."

"पिशवी काट्यावर ठेव."

"हिल्का, तो बाद आहे," राउनो काका म्हणाले.

"स्पर्धेतून बाद आहे. मी स्पर्धेचं बोलत नाहीये. कर वजन."

राउनो काकांनी केलं. काटा खाली गेला. त्यांनी नाकावरचा चष्मा सरळ केला आणि परत बघितलं. त्या म्हाताऱ्याच्या पुढे. तार्मोच्या तर बऱ्याच पुढे. तार्मो स्वतः येऊन वाकून बघून गेला.

"च्यायला," तो म्हणाला. "आणि मी तिकडे गाळ ढवळत होतो."

"आत्या, मी पहिल्या तिनात नाहीये," मी म्हणालो. कारण नव्हतोच. उगाच नंतर कुणी बोलायला नको.

"मला बघायचं होतं तुला मासे दिसतात का. दिसतात." मग ती ओईवा काकांकडे वळली. "आणि तुम्ही याचे पहिले पाहुणे ना? काय मिळालं तुम्हाला?"

"एकही मासा नाही," काका म्हणाले.

मी काट्यावरची पिशवी उचलायला लागलो.

"पण बाई, मी जन्मभर ट्राम चालवली. लोक धावत यायचे आणि मी निघून जायचो. आज पहिल्यांदा लोक धावत आले आणि मी तिथेच होतो. पुढच्या वर्षी हाच मुलगा असेल तर मी येतो. भावाला पण आणतो, त्याला कावळे फार आवडतात."

लोक हसले. आत्या हसली नाही, पण पाव मोडून अर्धा काकांना दिला. मग मला बाजूला बोलावलं, लाकडाच्या ढिगामागे.

"उत्तरेचं टोक?" तिने हळू विचारलं.

"हो."

"कसं कळलं?"

"पाणमांजर."

तिने तळ्याकडे बघितलं. "चार हिवाळे झाले, मला माहीत आहे ते. मादी आहे. या वर्षी पिल्लू आहे सोबत. मी का जात नाही तिकडे, तुला काय वाटलं? म्हातारी झालेय म्हणून?"

मला काहीच वाटलं नव्हतं. मी विचारच केला नव्हता. आता सगळ्यांना सांगताना, मी ती गर्दी पाणमांजरापासून लांब नेली असं सांगता येईल, आणि तशी ती गेलीही. पण मी ती तिसऱ्या नंबरासाठी नेली होती.

"परवानगी मिळेल," आत्या म्हणाली. "सोमवारी संघात मी सांगते. फक्त त्या टोकाला कुणाला न्यायचं नाही. पाहुणा कितीही चांगला असो, कितीही पैसे देत असो."

"मी नेलंच नसतं."

"एतू."

"बरं. नेलं असतं. पहिल्याच आठवड्यात नेलं असतं."

"आता?"

"आता नाही नेणार."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, ती गळाचं टोक नखावर घासून बघते तसं. मग सूप माझ्या हातात दिलं. अर्धं होतं अजून, गरम होतं. "संपव," म्हणाली, "आणि मग त्या माणसाला नीट भोक पाडायला शिकव. लांबून बघताना मला लाज वाटत होती."