टाकीत गोडं पाणी

मुरादने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि जुन्या टाकीच्या स्टँडखालच्या कप्प्यात तो खांद्यापर्यंत शिरला.

“टॉर्च इकडं धर गो.”

आमना गुडघ्यांवर बसली आणि तिने टॉर्च आत धरली. नवऱ्याचा हात आतून एकेक वस्तू बाहेर सरकवत होता. काळवंडलेला पंप, कडक झालेल्या नळ्या, गाठी मारून जोडलेल्या वायरी, डालड्याच्या डब्यातला कोळसा, आणि शेवटी रबरबँड लावलेला ओढणीचा एक तुकडा.

“ह्ये काय?”

“फिल्टरचा कापूस संपला होता. मंग ओढनी बांधली.”

“आता नको त्ये. स्पंज आनलाय.”

ओढणी कचऱ्याच्या ढिगात गेली. आयत्या बिळावर नागोबा, असं आमनाच्या मनात येऊन गेलं, आणि तिचं तिलाच हसू आलं. नागोबा घरी आलाय हेच काय कमी होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या रजेत मुरादने रोह्याच्या या घरात समुद्र आणला होता. बहारीनमधल्या एका हॉटेलात तो मेंटेनन्सला होता. तिथली भलीमोठी खाऱ्या पाण्याची टाकी त्याच्याकडे होती आणि तो नाद त्याच्या अंगात भिनला होता. इथे त्याने तीन फुटांची टाकी बसवली, कोर्लईच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून पाणी आणलं, मुंबईहून पिशव्यांत घालून दोन नारिंगी मासे आणि दगडांना चिकटलेली जिवंत प्रवाळं आणली. आमना प्रवाळांना फुलंच म्हणायची. बघायला सगळा मोहल्ला लोटला. मग रजा संपली, मुराद गेला आणि तो समुद्र आमनाच्या गळ्यात पडला.

पुढे नाक्यावरच्या दत्तात्रेयच्या एसटीडी बूथवर मुरादचा फोन यायचा. पाणी बदल, काच पूस, खाणं जास्त टाकू नको. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही खरोखरचे होते. शेळ्यांकडे आमना बघत होती. मधल्या काळात लेकीचं, बतूलचं लग्न झालं, ती खांब गावी सासरी गेली. बापाला रजा मिळाली नाही, त्याने लेकीचं लग्न व्हिडिओ कॅसेटवर बघितलं. घरात मग आमना उरली आणि टाकी उरली. मासे मोठे झाले, फुलं एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पसरली.

यंदा ईदला आलेला मुराद उंबऱ्यातच म्हणाला होता, “आता कायमचा आलो.”

महिनाभर आमनाने विश्वास ठेवला नाही. अशी वाक्यं तिने पूर्वीही ऐकली होती. मग जवळच्याच धाटावच्या एका कंपनीत फिटरची जागा असल्याचं कळलं. मुराद “बगू” म्हणाला. तिथला सुपरवायझर त्याच्या निम्म्या वयाचा होता, हे त्याला टोचत असणार असं तिने ताडलं, पण बगू म्हणजे नाही नव्हे. आणि मग मुंबईहून पाच फुटांची नवी टाकी आली, बहारीनहून आणलेले खोके उघडले गेले, तेव्हा तिचा जीव खरोखर भांड्यात पडला. एवढी मोठी टाकी सुटीपुरती कोण बसवतं?

आज सकाळीच मासे आणि दगड नव्या टाकीत गेले होते. पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर गुरगुरत होता, दोन्ही टोकांना दोन पंप होते, वर निळे-पांढरे दिवे. मुरादने वायरी सरळ करून क्लिपांनी फळीला ठोकल्या. प्रत्येक पिनेवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: पंप, फेस, दिवा. मोठ्या अक्षरांत, कारण आमनाची शाळा चौथीत सुटली होती. तिला ते कौतुकाचं वाटलं.

मग त्याने शेवटच्या खोक्यातून एक पांढरी तबकडी काढली.

“ह्यो टायमर. सकाळी दिवा आपोआप लागंल, रात्री आपोआप बंद. तुला उठायला नको.”

“तुमी उठताच की फजरच्या नमाजला. तुमी लावा.”

मुराद तबकडीचे दात मोजत राहिला. “असू दे. बरा असतो.”

आमनाच्या हातातली टॉर्च अजून चालूच होती. तिने ती बंद केली. फळीवरच्या पट्ट्यांकडे तिने पुन्हा पाहिलं. मुरादला कुठली पिन कशाची हे डोळे मिटून सांगता आलं असतं. ही अक्षरं त्याच्यासाठी नव्हतीच.

“आता नीट बग,” मुराद तिच्याकडे न बघता म्हणाला. “फेसाचा कप भरला की कसा काढायचा?”

“मला नाय समजत.”

“आत्ताच तर दाखवला. बरं, साधं सांग. टाकीतलं पानी आटलं, चार बोटं खाली गेलं. काय वतशील?”

“खारं पानी.”

मुरादचा हात थांबला.

हवेत उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं, विहिरीचं, उकळून निवलेलं. खारं घालत गेलं तर मीठ वाढत जातं आणि दोन-चार महिन्यांत टाकीत एक जीव उरत नाही. पहिल्या वर्षी फोनवरून तो हे सांगायला लागला तेव्हा आमनाच म्हणाली होती, कालवण आटलं तर पानी घालत्यात, मीठ नाय घालत, येवढं मला कळतं. आणि समोरचे मासे चांगले बोटभर लांबीचे होऊन फुलांत लोळत होते.

“काय म्हनलीस?”

“खारं. समुद्रातलं हायत ना ती.”

“आमना, तीन वर्सं तूच बगितलंस ह्ये.”

“विसरले.”

ती त्याच्याकडे सरळ बघत होती. मुरादने मान खाली घातली आणि टायमर मांडीवर ठेवला.

“कोन बोललं तुला?”

“कोन कशाला बोलंल? राहनारा मानूस पिनांवर नावं लिवतो काय?”

मुराद म्हणाला, “बहारीनचा विजा आलाय. दोनच वर्सं. त्येच हॉटेल. इतं त्या पोराच्या हाताखाली…” त्याने टायमर मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. “तुला त्रास नको म्हनून तर ह्ये सगळं करतोय.”

“त्रास?” आमनाचा आवाज चढला नाही. “लेकीला सासरी धाडून आले, त्या दिवशी घरात कोन होतं? ह्ये दोन मासे. त्यांच्याशी बोलत बसले. त्रासच नको म्हनता, मंग दिवसभर मी काय करू? ह्या वेळंला मला काय शिकवू नका. मला काय येत नाय.”

“मंग मरतील ती.”

“मरू देत.”

तेवढ्यात लाईट गेली.

दुपारचे बारा वाजले होते, यंदाचं लोडशेडिंग आजपासूनच सुरू झालं होतं. स्किमरची गुरगुर थांबली, पंप थांबले, निळे दिवे विझले आणि फेस खाली बसला. मुराद फळीवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याने जर्मन पंप आणला होता, टायमर आणला होता, जादा बल्ब आणले होते. बहारीनला लाईट जात नाही. रोह्याला जाते हे तो विसरून गेला होता.

मासे हवेसाठी हळूहळू वरच्या अंगाला आले. आमना बसल्या जागेवरून हलली नाही, पण तिचा उजवा हात मांडीवर मुठीत आवळला गेला होता. मुरादने माशांकडे पाहिलं, मग त्या मुठीकडे.

“लाईट गेली की काय करायचीस?”

“तांब्या हाय मोरीत.”

तो तांब्या घेऊन आला. तिने हाताने उंची दाखवली. तो टाकीतलंच पाणी भरायचा, हातभर वरून धार सोडायचा, पुन्हा भरायचा. धारेबरोबर बुडबुडे खाली जात होते. मासे धारेपाशी आले. मुरादचा सदरा पाठीला चिकटला.

“किती येळ करायचं?”

“लाईट येईस्तोवर.”

“आनि येकटीच करायचीस?”

“दुसरं कोन होतं?”

मुराद धार सोडत राहिला. फरशीवर शिंतोडे उडत होते, आमनाने ते पुसले नाहीत. त्याचा खांदा भरून आला, तरी त्याने तांब्या खाली ठेवला नाही. बऱ्याच वेळाने, पाण्यातच बघत, त्याने विचारलं, “धाटावच्या कंपनीची पहिली पाळी कितीला सुटते?”

“तीनला,” आमना म्हणाली. “हात बदला आता.”