शांतवन मास्तरांची लांब प्रार्थना

बेंबळीच्या शांतवन मास्तरांची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे दणका असायचा. ताट पुढ्यात आलं की मास्तर डोळे मिटणार आणि पिकापाण्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांसाठी देवापुढं शब्द टाकणार. आमेन होईस्तोवर कुणी डोळे उघडायचे नाहीत, हा घरातला दंडक. माणूस मोठा भाविक, पण पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडायचे त्याचं काय!

गेल्या महिन्यात चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेब जेवायला आले. मास्तरांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, पहाटेपासून राबून मटण केलं होतं. पाळकसाहेबांनी तीनदा रस्सा मागून घेतला. मास्तरांनी मात्र आधी देवाचे भरभरून आभार मानले होते आणि पहिल्याच घासाला म्हणाले होते, मीठ जरा कमी पडलंय. झालं! पाहुणे गेले आणि सगुणाबाईंनी पिशवी भरली. जळकोटला लेकीकडं, आठ दिवस. जाताना उंबऱ्यात थांबल्या.

"अडतीस वर्षं ज्याचे आभार मानताय, आता त्यालाच सांगा भाकरी थापायला."

आठाचे वीस दिवस झाले. परत कधी येणार असं फोनवर विचारलं की "बघू" एवढंच उत्तर यायचं. ही आता येतच नाही की काय, या धास्तीनं मास्तरांची झोप उडाली.

शेजारच्या दगडाबाई कालवण आणून द्यायच्या, पण भाकरी मुद्दाम देत नव्हत्या. शिका की मास्तर, म्हणायच्या. मास्तर शिकायला बसले. पहिल्या दिवशी ज्वारीच्या पिठात गार पाणी ओतलं, भाकरी परातीतच फाटली. दगडाबाईंनी उकळतं पाणी घालायला सांगितलं, तर बोटं पोळली. तिसऱ्या दिवशी एक भाकरी कशीबशी तव्यावर पोचली आणि एका अंगानं करपली. तीच ताटात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "हे दयाळू पित्या, या अन्नाबद्दल..." आणि पुढं शब्दच येईना. बोटं ठणकत होती. ज्वारी देवानं दिली हे खरं, पण रोज दोन वेळा हे चटके कुणी सोसले? शाळेत उभा जन्म पोरांना शहाणपण शिकवलं आणि स्वतःला एवढं कळू नये? मास्तरांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी ते जळकोटला लेकीच्या दारात हजर. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं काय, तर पिठाचा डबा कुठाय? लेक हर्षाली बघतच राहिली. मास्तर परात घेऊन चुलीपाशी बसले. सगुणाबाई दारातून बघत होत्या. एक भाकरी फाटली, दुसरी वाकडी झाली, तिसरी मात्र टम्म फुगली. ती त्यांनी बायकोच्या ताटात वाढली.

सगळे बसले. प्रार्थना मास्तरांचीच.

"हे दयाळू पित्या," मास्तर म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी आपलाच दंडक मोडला, डोळे उघडले. "सगुणा, देवाशी मी नंतर बोलतो. तुझ्या हातची भाकरी लई गोड असती. अडतीस वर्षं सांगायचं राहून गेलं. चुकलंच माझं. घरी चल."

बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, सगुणाबाईंचेही डोळे उघडेच होते, भरून आलेले.

"अगं, तू प्रार्थनेत डोळे मिटत न्हाईस?"

"कधीच न्हाय," सगुणाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचं ताट गार व्हतंय का, ते कुणी बघायचं? उद्याच्या सकाळच्या गाडीनं जाऊ. आता आमेन म्हणा लवकर, तुमची भाकरी गार व्हायलीय."