बोर्डातलं नाव

गौरांगीचा फोन आला तेव्हा सुहासिनीबाई मराठी मंडळाच्या मीटिंगला गेल्या होत्या. त्या घरी असत्या तर फोन त्यांनीच उचलला असता आणि पुढचं काही झालं नसतं. पण घरी जनार्दनराव आठल्ये एकटे होते. फोनची रिंग वाजली की आधी दोन क्षण त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं, ही त्यांची चौऱ्याहत्तर वर्षांची सवय.

"बाबा? आई नाहीये का?"

"नाही. येईल तासाभरात. सांगू का तिला फोन करायला?"

"नो, नो. काम तुमच्याकडेच आहे."

जनार्दनराव खुर्चीवर बसले. मुलगी विनिपेगचं घर सोडून व्हँकुव्हरला जाऊन वीस वर्षं झाली होती. दर रविवारी ती आईशी तासभर बोलायची. वडिलांशी तिचं बोलणं म्हणजे वाढदिवसाला 'हॅपी बर्थडे, बाबा' आणि दिवाळीला 'हॅपी दिवाळी, बाबा'. काम म्हणून तिनं त्यांना कधी फोन केलेला त्यांना आठवत नव्हता.

गौरांगी सिनेमांचे सेट लावायचं काम करायची. एका सिनेमात १९८६ सालचा प्रसंग होता, आणि दिग्दर्शकाला त्या काळातलं खरंखुरं व्हिडिओ गेमचं मशीन हवं होतं.

"आणि गेस व्हॉट, डीलरकडे जे मिळालं ना, ते विनिपेगचंच निघालं. आपल्या सार्जंट अव्हेन्यूवरच्या बोलिंग ॲलीतलं. ती बंद झाली ना, सगळं सामान विकलं त्यांनी. पण चालूच होत नाहीये. इथला माणूस सहा आठवडे म्हणतो. आई म्हणत होती, तुम्ही आता हेच करता बेसमेंटमध्ये."

"करतो. म्हणजे, जमेल तसं."

"मग मशीनमधला सर्किट बोर्ड पाठवते. बावीस ऑक्टोबरला शूट आहे. प्लीज."

'सार्जंट अव्हेन्यूवरची बोलिंग ॲली' एवढे शब्द ऐकले आणि जनार्दनरावांना ती संध्याकाळ आठवली. तीस वर्षं झाली होती. शाळा सुटून दोन तास झाले तरी चौदा वर्षांची गौरांगी घरी आली नव्हती. शोधत शोधत ते तिथे गेले, तर ही पोरांच्या घोळक्यात, त्या मशीनसमोर, डोळे पडद्याला चिकटलेले. आयुष्यात कुणाशी वर मान करून न बोललेल्या त्या माणसानं त्या दिवशी मुलीची वेणी धरली आणि सगळ्यांच्या देखत तिला ओढत रस्त्यावर आणलं. उणे वीसच्या थंडीत तिचा कोट आतच राहिला. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. नंतरही, तसं पाहिलं तर, बोलली नाहीच.

तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर जनार्दनरावांना हे जुने बोर्ड दुरुस्त करायचा नाद लागला, तो याच वस्तूंचा का लागला, हे सुहासिनीबाईंनी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणून, वह्या भरभरून टिपणं काढून ते शिकले. शौकीन लोक इंटरनेटवरून त्यांचा पत्ता काढायचे, विनिपेग-ब्रँडनहून बोर्ड आणून द्यायचे. प्रत्येक बोर्ड परत देताना जनार्दनराव म्हणायचे, "चालतंय असं वाटतं."

गौरांगीचा बोर्ड आठवड्यानं आला. त्या दिवशीही सुहासिनीबाई बाहेर होत्या. जनार्दनरावांनी खोकं उचललं, बेसमेंटमध्ये नेलं आणि इतर बोर्डांत ठेवून दिलं. फोनबद्दल ते बोलले नव्हते, तसेच खोक्याबद्दलही बोलले नाहीत. शूटिंगच्या धावपळीत गौरांगीचे रविवारचे फोनही त्या दिवसांत दोन-दोन मिनिटांचे झाले होते. मुलीचं सगळं सुहासिनीबाईंच्या वाट्याला आलेलं होतं. तिचे घटस्फोटाचे दिवस, तिची नवी नोकरी, तिच्या मांजराचं ऑपरेशन. हे एवढं एक आपल्याकडे आलंय, ते आपल्याकडेच राहू दे, असं त्यांना वाटलं. बोर्ड चालू झाल्यावर सांगू. तेव्हा सांगायला काही तरी असेल.

दुखणं नेहमीचंच होतं. या बोर्डांवर एक लहानशी बॅटरी असते. मशीन बंद असलं तरी एका चिपला ती थोडी थोडी वीज पुरवत राहते, कारण त्या चिपमध्ये लोकांनी केलेले विक्रम आणि त्यांची तीन-तीन अक्षरी नावं साठवलेली असतात. बॅटरी जुनी झाली की पाझरते. तिचं पाणी आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं आणि बोर्ड मुका होतो. या बोर्डाचा कोपरा हिरवा-पांढरा होऊन फुगला होता. पण मीटर लावल्यावर काटा हलला. बॅटरी मरता मरता अजून अडीच व्होल्ट देत होती.

म्हणजे चिप अजून जिवंत होती. म्हणजे नावंही आत होती.

आणि त्यांत जी, ए, यू अशी तीन अक्षरं असणार, याबद्दल जनार्दनरावांना तिळमात्र शंका राहिली नाही. एरवी ज्या माणसाला दाराला कुलूप लावलं की नाही याची तीनदा शंका यायची, त्याला ही एक गोष्ट पक्की वाटली. शूटिंग वगैरे ठीक आहे. मुलगी थेट कसं सांगेल? तिनं तेच मशीन शोधून काढलं, आपल्याकडेच पाठवलं, याचा अर्थ उघड होता. त्या दिवशी आपण पडद्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आता ते नाव जसंच्या तसं तिच्या हातात द्यायचं.

बोर्ड सुरूच होत नसल्यामुळे आत काय आहे ते पडद्यावर बघायची सोय नव्हती. चिप उतरवली तर क्षणभर वीज तुटणार आणि सगळं पुसलं जाणार. तेव्हा त्यांनी केसासारख्या दोन तारा चिपच्या पायांना जोडल्या, टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून तीन व्होल्ट दिले आणि मगच सडकी बॅटरी कापून काढली. मग दोन आठवडे ते रोज चार-चार तास बसले. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस, मग स्पिरिट, मग भिंगाखाली एकेक तुटलेली रेघ बारीक तारेनं सांधायची. सप्लायचा हिरवा दिवा रात्रंदिवस जळत होता.

"काय एवढं चाललंय खाली?" सुहासिनीबाई जेवताना म्हणायच्या. "कुणा राजाचा बोर्ड आहे का?"

"आहे एकाचा."

रविवारी, नऊ तारखेला काम संपलं. फक्त नवी बॅटरी बसवायची राहिली. पाच मिनिटांचं काम. पण जेवणं उशिरा झाली होती आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. जनार्दनरावांचे वडील सांगलीला एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. जनार्दनरावांनी तो विनिपेगमध्येही सत्तेचाळीस वर्षं पाळला होता. टेबलाचं मोठं बटण बंद करायचं, मग मीटर, सोल्डरिंग आयर्न, पकडी यांची पूजा. या वर्षी बटण तेवढं बंद करायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बॅटरी दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवू. चांगल्या कामाला चांगला दिवस.

ठरवलं ते मनाशीच ठरवलं.

सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. ऊन पडलं होतं म्हणून जनार्दनराव मागच्या अंगणात पानं गोळा करायला गेले. तासाभरानं आत आले तर सुहासिनीबाई रिकामं तबक घेऊन बेसमेंटचा जिना चढत होत्या.

"केली हो तुमच्या हत्यारांची पूजा. म्हटलं, तुम्ही दमलाय आणि बारा वाजत आले. ते दिवेबिवे तसेच सुरू होते, इतकी वर्षं पाळलं आणि आज विसरलात. मी बटण बंद केलंय."

जनार्दनरावांच्या हातातून दंताळं पडलं. ते बुटासकट खाली धावले. मीटर, पकडी, भिंग, सगळ्यांवर कुंकवाची बोटं होती. झेंडूचं एक फूल बोर्डावर ठेवलेलं होतं. हिरवा दिवा विझला होता. त्यांनी बटण चालू केलं, दिवा लागला, पण त्याला आता काही अर्थ नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"अहो, काय झालं?" सुहासिनीबाई जिन्यावर उभ्या होत्या.

"काय झालं? काय झालं विचारतेस? कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? डोकं आहे की नाही? सगळं घालवलंस! तीस वर्षांचं घालवलंस!"

सुहासिनीबाईंनी नवऱ्याचा हा आवाज लग्नानंतर एकदाच ऐकला होता, आणि तोही त्यांच्यासाठी नव्हता. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मला काय माहीत? तुम्ही सांगितलं होतं का काही?"

जनार्दनराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी बॅटरी बसवली आणि बोर्ड जुन्या टीव्हीला जोडला. चित्र स्वच्छ आलं. रंग, आवाज, सगळं ठाकठीक. दुरुस्ती इतकी चांगली त्यांच्या हातून पूर्वी झाली नव्हती. मग विक्रमांची यादी आली. ए ए ए. बी बी बी. सी सी सी. कारखान्यातून निघताना असते तशी.

फोन करावा की पत्र लिहावं, यावर त्यांनी अर्धा दिवस घालवला. बॅटरी आधीच मेली होती, असं सांगता आलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडं धैर्य लागतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात सुहासिनीबाई श्रीखंड वाटीत काढत होत्या, तेव्हा त्यांच्या समोरच जनार्दनरावांनी मुलीचा नंबर लावला. सुहासिनीबाईंचा चमचा हवेतच थांबला.

"गौरांगी, बोर्ड चालू झाला."

"ओ माय गॉड, रिअली? थँक यू! बुधवारी शिप कराल?"

"करतो. पण एक झालं. तुझं नाव गेलं."

"व्हॉट नाव?"

"आतलं. यादीतलं. मी सांभाळलं होतं दोन आठवडे, वीज देऊन. पण तुझ्या आईनं बटण बंद केलं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ते परत घ्यावं असं त्यांना वाटलं. समोर सुहासिनीबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"बाबा, माझं नाव कसं असेल त्यात?"

"तू खेळायचीस ना. त्या दिवशी..."

"मी कधीच खेळले नाही. मशीनमध्ये टाकायला क्वार्टरची नाणी कुठे असायची माझ्याकडे? तुम्ही पॉकेट मनी देत होतात का? मी नुसती बघायचे. माझ्या वर्गातली डेनिस खेळायची, मी तिचा कोट धरून उभी असायचे." ती थांबली. "यू थॉट आय वॉज प्लेइंग? म्हणून ते सगळं?"

जनार्दनरावांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"वाव. तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग आवाज एकदम कामाचा झाला. "एनीवे. चालतोय ना? ट्रक शुक्रवारी निघतो, सो बुधवार इज द लास्ट डे. फोन आईला द्या."

त्यांनी फोन दिला. आता सुहासिनीबाई काय बोलतात, ते ऐकायला नको म्हणून तिथून उठावं असं त्यांना वाटलं, पण पाय उचलले नाहीत.

"हो गं," सुहासिनीबाई म्हणाल्या, "बंद केलं मी. मला कुठे माहीत, तुझा आहे ते. नाही, नाही बोलले मला. बोर्ड आल्याचंही नाही आणि तुझा फोन आल्याचंही नाही." त्या थोडं हसल्या. ते हसू जनार्दनरावांना लागलं. "जाऊ दे. तू जेवलीस का? सोनं कुणाला दिलंस?"

वीस मिनिटं त्या बोलत होत्या. फोन ठेवून त्यांनी दोन ताटं वाढली. श्रीखंड खाताना जनार्दनराव म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"पुरी घ्या," सुहासिनीबाई म्हणाल्या.

बुधवारी बोर्ड गेला. खोक्यातल्या रिकाम्या जागेत सुहासिनीबाईंनी चिवड्याच्या दोन पिशव्या घातल्या. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव जनार्दनरावांनी घातलं, खोडलं, पुन्हा घातलं.

महिनाअखेर सुहासिनीबाईंच्या फोनवर मेसेज आला. सोबत फोटो होता: मशीनचा पडदा उजळलेला, समोर एक गोरी मुलगी दोन्ही हातांनी खेळतेय. सुहासिनीबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "चिवडा संपला, आणखी पाठव. टेल बाबा इट वर्क्ड."

जनार्दनराव हातातलं पुस्तक मिटून वाट बघत राहिले. एरवी लेकीचा निरोप सांगताना सुहासिनीबाई दोन शब्द पदरचे घालायच्या: काळजी घ्या म्हणालीय, तुमची आठवण काढत होती. खरे नसतील, असं त्यांना वर्षानुवर्षं वाटायचं, तरी ते ऐकायचे.

"बस, एवढंच," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि फोन उलटा ठेवून स्वयंपाकघरात गेल्या.