लाइटहाउसचा नारळ

समुद्र मी एकदाही पाहिलेला नाही. रेल्वेच्या हिशेब विभागात नोकरी केली आणि उरलेला वेळ वाचनालयात काढला. त्यामुळे माझ्या मुलाने, परागने, शंकर नगरात बार काढायचं ठरवून "बाबा, काही हटके नाव सांगा ना," म्हटलं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण एरवी मला कुणी काही विचारत नाही. मी बोलतच सुटलो. दूरदेशीच्या बंदरांतल्या गुत्त्यांना समुद्राशी जोडलेली नावं असतात, खलाशांना वाचता येत नसे म्हणून पाटीवर चित्रच काढत. कुठे 'जलपरी', कुठे 'तीन गलबतं', कुठे 'सोनेरी सुकाणू'.

"पण बाबा, रायपूरमध्ये कुठला समुंदर?" सून शर्मिष्ठा हसली.

"समुद्रापासून लांब गेलेली माणसंही असलीच नावं ठेवतात. 'लाइटहाउस' ठेव. घरी परतणाऱ्याला लांबून दिसावा असा दिवा."

परागला ते फार आवडलं. निळ्या पाटीवर पांढरा दीपस्तंभ रंगवला, वर फिरणारा पिवळा दिवा बसवला. "उद्घाटनाचा नारळ तुम्हीच फोडायचा," म्हणाला.

मग गणपती आले. मंडळात आरती झाल्यावर नाना माझ्याशेजारी येऊन बसले. नाना म्हणजे मंडळाचे चिटणीस, ऑफिसातले माझे जुने सोबती.

"शरदभाऊ, शंकर नगरात पाहिलं का? गोल गोल दिवा फिरून राहिला. बार होय म्हणते तो. रायपूर राजधानी काय झाली, पोट्टे वाया चालले. अन् मालक म्हणे आपलाच मराठी मानूस!"

"असेल," मी म्हणालो.

"लाइटहाउस! रायपुरात! कोन्या शहाण्यानं ठेवलं असंन हे नाव?"

सगळे हसले.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो, आणि त्यांच्याबरोबर हसलो.

मागे पराग खिरापतीचं ताट घेऊन उभा होता.

"काय रे पराग, तुले तरी माहीत आहे का?"

"नहीं काका," पराग म्हणाला. "मुझे भी नहीं पता." आणि इतरांच्या हातावर ठेवली तशीच त्याने माझ्याही हातावर खिरापत ठेवली.

त्याच्याच स्कूटरवरून घरी आलो. फाटकाशी उतरल्यावर पराग एवढंच म्हणाला, "नारळ शर्मिष्ठाचे पप्पा फोडतील. तुम्हाला उगाच त्रास."

रागावला असता तर बरं झालं असतं.

उद्घाटनाला मी गेलो. व्याह्यांनी नारळ फोडला, मी टाळ्या वाजवल्या. खोबऱ्याच्या तुकड्यांची ताटली माझ्या टेबलावर राहिली. मी कोपऱ्यात लिंबू-सोडा घेऊन बसलो. थोड्या वेळाने डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक माणूस आत शिरला आणि नेमका माझ्याच टेबलाशी आला. नाना होते. मला पाहून दचकले. मग वाकून पुटपुटले, "शरदभाऊ, मी तुले पाहिलं नाही, तू मले पाहिलं नाही. काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मांडवात माझ्या चेहऱ्यावर असणार.

"मी पाहिलं, नाना. हा बार परागचा आहे. नाव मी ठेवलं."

 रुमाल सोडून नानांनी घाम पुसला. "हे त्याच्यासमोर बोल ना मंग. मले काहून सांगून राहिला?"

मी ताटली उचलून काउंटरशी गेलो. तिथे पराग सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या दोन ठेकेदारांशी बोलत होता.

"ये अंकल कौन हैं, भैया?" एकाने विचारलं.

 उत्तर परागने माझ्यावर सोडलं.

"इसका बाप हूँ," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "नाम भी मैंने ही रखा है."

ठेकेदार मोठ्याने हसले, नाव छान आहे म्हणाले. परागने ताटलीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. पण माझ्याकडे पाहिलं नाही.