पासष्टाचे वीस

आमच्या घराण्यात कुणी पूर्ण आकडा सांगत नाही. माझा दादा लिफ्ट तपासनीस आहे. बारा माणसं सहज पेलणाऱ्या लिफ्टमध्ये तो आठची पाटी लावायला लावतो आणि नवव्या माणसाकडे असं बघतो, की तो बिचारा मुकाट्याने जिना चढतो. वहिनी शाळांचे गणवेश शिवते. मुलं वाढणारच, म्हणून शिवणीत इतकी माया सोडते की एका सदऱ्यात दोन भाऊ लहानाचे मोठे व्हावेत. मी विमा कंपनीत आहे. कुठला कारखाना किती जळण्यासारखा आहे ते ठरवणं माझं काम, आणि आम्ही धोका नेहमी चढवूनच धरतो. दादाच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा मुद्दाम पुढे लावलेलं आहे. ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सगळे निवांत असतात, आणि वर त्याला शिस्त म्हणतात.

अशा घरात टिटवी जन्मली. टिटवी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. पाळण्यात पाय वर करून झोपायची, म्हणून माझ्या वडिलांनी हे नाव ठेवलं. टिटवी म्हणे आभाळ पडलं तर पेलायला तशी झोपते. आमच्या टिटवीला समुद्र शिकायचा होता. पोहायचा नव्हे, शिकायचा. त्याचे प्रवाह, त्याचा तळ, त्याचं पाणी कुठे गरम नि कुठे गार. समुद्र आमच्यापासून अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. तिने तो एकदाच पाहिला होता, आणि तिला परत आणताना आमच्या नाकी नऊ आले होते.

राज्यात सरकारी विद्यापीठं तीन. एक मोठं, एक मधलं आणि एक जवळचं. समुद्र फक्त मोठ्यात शिकवतात आणि तिथे शिरणं म्हणजे लोखंडाचे चणे. तिन्हींना मिळून अर्ज एकच, पण त्यात नावं दोनच घालता येतात. जवळचं सगळेच घालतात, कारण ते कुणाला नाही म्हणत नाही. उरलेल्या एका जागेवर मोठं लिहायचं की मधलं, एवढाच प्रश्न होता. मोठं लिहिलं आणि मिळालं नाही, तर मधलंही गेलं.

दादा मला म्हणाला, जन्मभर लोकांच्या शक्यता मोजतेस, आता घरच्या पोरीची मोज. मला रागच आला. लोकांना विमावाले आणि ज्योतिषी यांत फरक कळत नाही. तरी बसले. जो तो म्हणत होता की मोठ्यात शंभरातले पंचवीसच घेतात. पण हे पंचवीस साऱ्या दुनियेतून येणाऱ्या अर्जांतले. राज्यातल्या मुलांच्या जागा वेगळ्या राखलेल्या असतात आणि तिथे शंभरात चाळीस जणांना मिळते. टिटवीचे गुण त्या चाळिसांतही वरच्या अर्ध्यात बसत होते. शिवाय सगळी झुंड डॉक्टर व्हायला आणि संगणकाकडे पळणारी, समुद्राच्या दारात गर्दी नाही. सगळं धरून पासष्ट आले. पुन्हा मोजले. पासष्टच.

मग मी दादाला फोन करून पन्नास सांगितले.

का, ते विचारू नका. हात सवयीने मागे येतो. पासष्ट म्हणायचं आणि पोरगी तोंडघशी पडायची, त्यापेक्षा पन्नास बरे. दादाने वहिनीला पस्तीस सांगितले, कारण वहिनी लगेच हुरळून जाते. वहिनीने टिटवीला वीस सांगितले, म्हणजे पोरगी अभ्यास सोडणार नाही. हातचा राखून सांगणारे आपण एकटेच शहाणे, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

अर्ज बंद होणार त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी सदऱ्यांना काजं करत होती, दादा चहा गाळत होता. मी टिटवीला विचारलं, मोठ्याचं नाव घातलंस ना? ती शांतपणे नाही म्हणाली. मधलं आणि जवळचं घातलं होतं.

"वीस म्हणजे आपण धरायचे दहा," ती म्हणाली. "दहासाठी मधलं कशाला घालवू, आत्या?"

वीस कुणी सांगितले, मी विचारलं. टिटवीने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने दादाकडे, दादाने माझ्याकडे. मला बघायला कुणी उरलं नाही, म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात आठ वाजून गेले होते आणि अर्ज आठला बंद होणार होता. वहिनीच्या हातातली सुई तशीच राहिली. मग दादा म्हणाला, अगं, ते पुढे आहे. इतक्या वर्षांत त्या घड्याळाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

मी खरा आकडा सांगितला. दादाने आणि वहिनीनेही आपापली काटछाट कबूल केली. पण टिटवीचा विश्वास बसेना.

"मी नाही घातलं म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटलं, म्हणून आता वाढवून सांगताय," ती म्हणाली. "या घरात कधी कुणी खरा आकडा सांगितलाय का?"

तिचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही, आमच्यावर. तीन मोठी माणसं, तिघांचाही जीव तिच्यात, आणि तिघांनी मिळून पोरीचा समुद्र आटवत आणला होता. मी म्हटलं, आमच्यावर विश्वास ठेवू नकोस, तूच मोज. कोण किती कापतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

टिटवीने बोटं उघडली. आई निम्म्याच्या आसपास कापते, म्हणजे विसाचे पस्तीस. बाबा बाराच्या लिफ्टवर आठ लिहितात, म्हणजे पस्तिसाचे पन्नास, बावन्न. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आत्या तर उभे कारखाने जाळते. म्हणजे सत्तर तरी असतील.

वहिनीचा चेहरा उजळला. सत्तरच धर, असं ती म्हणायला लागली.

"सत्तर नाहीत," मी म्हणाले. "पासष्ट. तिनात एकदा होणारच नाही. आणि तसं झालं तर तू रडशील, मलाही रडू येईल. पण आहेत पासष्ट."

मला वाटतं, टिटवीच्या तोंडावर मी ते पाच कमी केले, त्यामुळेच तिला बाकीचे पटले. तिने अर्ज उघडला, मधलं काढलं, मोठं घातलं. मग वळून म्हणाली, यापुढे मला पूर्ण आकडे सांगायचे, मीही तुम्हाला पूर्णच सांगेन. वहिनी लगेच कबूल झाली आणि त्याच दमात म्हणाली, पाच मिनिटांत जेवायला वाढते. जेवायला बसेपर्यंत आम्हाला भुकेने चक्कर यायची वेळ आली.

निकाल लागला तेव्हा टिटवीने फोन करून एवढंच सांगितलं, की झालं. नक्की झालं की जवळजवळ झालं, असं वहिनीने तिला तीनदा विचारलं.

स्टेशनवर आम्ही तिघंही सोडायला गेलो होतो. गाडी अर्थातच फलाटावर लागायची होती, इतके आम्ही लवकर पोहोचलो. टिटवी डब्यात चढल्यावर वहिनीने खिडकीशी जाऊन विचारलं, घरी किती वेळा येशील.

"वर्षातून एकदा," टिटवी म्हणाली. "बोटीवरची कामं सुट्टीतच असतात, आई."

गाडी हलली, वळणावर दिसेनाशी झाली. वहिनीने पदराने नाक पुसलं आणि बोटं मोजू लागली. एकदा म्हणतेय, म्हणजे आपल्या घरातलं दोनदा. दादा म्हणाला, छे, तीनदा तरी. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण शक्यता मी मोजते.

टिटवी दिलेल्या शब्दाला जागली होती. मी मनातल्या मनात मोजलं, पुन्हा मोजलं. एकच आला.

"तीनदा धरा," मी म्हणाले.