राणी या शब्दाची कैफियत

मी एक जुना शब्द आहे. इतका जुना, की मला पहिल्यांदा कुणी उच्चारलं ते माझं मलाच आठवत नाही. अक्षरं दोनच. राणी. तुम्ही मला दिवसातून किती वेळा वापरता आणि वापरून कुठं टाकून देता, याचा कधी विचार केला आहे का, मित्रांनो? नसेलच केला. म्हणून आज मी तोंड उघडलं आहे.

एके काळी मी सहजासहजी कुणाच्या वाट्याला येत नसे. जिला मी मिळे, तिला माझ्याबरोबर महाल मिळे, दासी मिळत, दागिने मिळत आणि शत्रूही मिळत. माझा उच्चार झाला की दरबारातल्या माना खाली जात. तेव्हाही सगळं गोडच होतं असं नाही. राजा मला एकाच वेळी चार-पाच जणींना देऊन मोकळा होई आणि मग त्यांतली एक आवडती, एक नावडती. पण निदान नावडतीलाही राहायला स्वतःचं दालन होतं आणि हुकूम सोडायला माणसं होती. मी दिला गेलो, की माझ्या पाठोपाठ काहीतरी येत असे. एवढं तुम्ही ध्यानात ठेवा.

मग राजे गेले. राजवाड्यांत कचेऱ्या आल्या, उरलेल्यांत लोक तिकीट काढून फिरू लागले. माझ्या बरोबरीचे कितीतरी शब्द बेकार झाले. छत्र, चामर, सिंहासन यांना नाटकवाल्यांनी ठेवून घेतलं, म्हणून त्यांची अब्रू राहिली. मला मात्र कामाचा तोटा पडला नाही, कारण मी फुकट होतो. पत्त्यांत मला राजाच्या खाली आणि गुलामाच्या वर बसवलं. बुद्धिबळात माझी जागा वजिरानं आधीच बळकावली होती, त्यामुळे तिकडे फिरकलो नाही. कापडाच्या दुकानात एका भडक गुलाबी रंगाला मला चिकटवलं. साबणाच्या वेष्टनावर चढवलं. एखादी मुलगी मान वर करून रस्त्यानं निघाली, की पोरंटोरं मला तिच्या पाठीमागून फेकू लागली. मारायलाही मी उपयोगी पडतो, हे मला तेव्हा समजलं.

असाच फिरत फिरत मी मधमाश्यांच्या पेटीत गेलो आणि तिथून एका मुलीच्या घरी पोचलो. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

शहराच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी ते घर होतं. मागच्या उतारावर फळझाडांच्या सावलीत लाकडी पेट्या ओळीनं मांडलेल्या. घराचा मालक माश्या पाळी, मध विकी. सगळे त्याला मधवालाच म्हणत. मी दिवसभर त्याच्या तोंडी असे. "या पेटीतली राणी दिसली का? त्या पेटीतली राणी थकली वाटतं." लोकांना वाटतं, राणीमाशी म्हणजे पेटीत बसून हुकूम सोडत असेल. कसला हुकूम आणि कसलं काय! ती जन्मभर अंधारात अंडी घालते. मधवाला बारीक कात्रीनं तिच्या पंखाचं टोक कातरी, म्हणजे ती थवा घेऊन उडून जायला नको. म्हातारी झाली, अंडी कमी झाली, की दोन बोटांत चिरडून तिच्या जागी दुसरी आणी. राणी म्हणायचं आणि पंख कातरायचे, ही रीत मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

त्या घरात मुलगी जन्मली. मधवाल्यानं तिला उचललं आणि म्हणाला, "ही माझी राणी." खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. कितीतरी काळानं मला कुणी जीव लावून उच्चारलं होतं.

मुलगी वाढली ती पेट्यांच्या आसपासच. शाळेतून आली की दप्तर भिरकावायची, जाळीची टोपी चढवायची आणि बापामागे उतारावर पळायची. डंख बसला तर रडायची नाही, नखानं काटा खरवडून काढायची आणि पुढच्या पेटीला हात घालायची. तिच्या पाठीवर एक भाऊ झाला. त्याला माश्यांची भारी धास्ती. तो खिडकीच्या काचेआडून सगळं बघे आणि बहीण आत आली की दोन हात लांब उभा राहून विचारी, "ताई, तुझ्या केसात एखादी नाही ना?"

पुढे मधवाल्याचे डोळे अधू झाले. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीतली ताजी अंडी इतकी बारीक असतात, की ती त्याला दिसेनात. मग मुलगीच बघू लागली, मुलगीच ठरवू लागली. कोणती पेटी हलवायची, कोणत्या पेटीतली राणी बदलायची, मध कधी काढायचा, सगळं तिच्याकडे आलं. मधवाला ओसरीवर बसून गिऱ्हाइकांना सांगे, "राणी आहे म्हणून आमचं चाललंय." ते ऐकून मी फुशारून जाई. मला वाटे, पूर्वी माझ्या मागोमाग महाल यायचे, आता निदान पेट्या तरी येतील.

एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना मधवाला म्हणाला, "धंदा आता धाकट्याच्या नावावर करून टाकतो."

मुलीचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तू काय! तू माझी राणी. चांगल्या घरी जाशील, ऐटीत राहशील. तुला कशाला हवेत हे डंख?"

"डंखांचं माझं मी बघते, बाबा. मला राणी नका करू. मला पेट्या द्या."

"अगं, असं बोलतात का?" आई म्हणाली. "बाबांचा किती जीव आहे तुझ्यावर!"

"जीव आहे ना? मग निम्म्या तरी द्या."

"राणी!" मधवाला म्हणाला. त्यानं मला अशा आवाजात उच्चारलं, की तिचं मागणं तिथंच संपलं. ताटं उचलली गेली. धाकट्यानं तेवढ्यात दुसऱ्यांदा भात वाढून घेतला होता, तो त्यानं खाली मान घालून संपवला.

लग्न ठरलं. जायच्या आधी तिनं धाकट्याला समोर बसवलं आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. त्यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट नवी राणी पेटीत सोडण्याची. नव्या राणीला इवल्याशा जाळीच्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवायचं आणि पिंजऱ्याचं तोंड साखरेच्या घट्ट गोळ्यानं बंद करायचं. माश्या तो गोळा हळूहळू खातात. खाता खाता त्यांना नव्या राणीच्या वासाची सवय होते. वाट मोकळी होईपर्यंत ती त्यांची झालेली असते. "गोळा तू काढू नकोस," ती म्हणाली. "काहीही झालं तरी काढू नकोस. त्यांचं त्यांना खाऊ दे." धाकटा मोबाइलवर बोटं फिरवत हो हो म्हणत होता.

सासरी खाली अवजारांचं दुकान आणि वर घर. तिथंही माझी पाठवणी तिच्याबरोबर झालीच होती. पहाटे उठून तिनं पाणी भरलं, केर काढला, सगळ्यांचा चहा केला, की सासूबाई खोलीतून बाहेर येत आणि म्हणत, "उठल्या का राणीसाहेब?" नवरा माणूस वाईट नव्हता. त्याला काही हवं असलं की तो मला मधात बुडवून काढी. "राणी, जरा शर्टाचं बटण लाव ना. राणी, पाय चेपतेस का?" एकदा तिनं धीर करून गच्चीवर दोन पेट्या ठेवू का म्हणून विचारलं.

"अगं राणी, आपल्याला काय कमी आहे?" तो हसत म्हणाला. "दुकानदाराची बायको माश्या पाळते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तू नुसती आरामात राहा."

आरामात राहा असं म्हणून तो दुकानात गेला आणि ती धुण्याची बादली घेऊन मोरीकडे गेली.

इकडे धाकट्यानं कारभार हाती घेतला. मोसम सरत आला होता. म्हाताऱ्या राण्या बदलायच्या म्हणून त्यानं हातमोज्यांवर हातमोजे घालून त्या चिरडल्या आणि नव्या मागवल्या. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेचा गोळा पाहून त्याला वाटलं, ही नुसती बांधणी, वाटेत राणी सांडू नये म्हणून. "पाहुणीला दारात कशाला ताटकळत ठेवायचं?" असं म्हणत त्यानं खिळ्यानं गोळे उकरून काढले आणि राण्या थेट आत सोडल्या. माश्यांनी त्यांना ओळखलं नाही. चहूबाजूंनी गराडा घातला आणि त्या दाटीत, त्या उबेत एकेक राणी मारून टाकली. ताज्या अंड्यापासून दुसरी राणी घडवायला माश्यांना वेळ उरला नव्हता. पेट्या एकामागून एक ओस पडू लागल्या. उताराच्या टोकाच्या काही पेट्या तेवढ्या वाचल्या, त्याही तिथवर चढायचा त्याला कंटाळा आला म्हणून.

थंडी ओसरताना मधवाला काठी टेकत मुलीच्या दारी आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "राणी, चल. तुझ्यावाचून काही खरं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "न्या की. पण लवकर पाठवा. इथं आमचे हाल होतात." राणीसाहेबांवाचून हाल होतात, हे त्यांच्या तोंडून तेव्हाच बाहेर पडलं.

ती गेली. पहिल्या दिवशी तिनं सगळ्या पेट्या उघडल्या आणि धाकट्याला फक्त एवढंच विचारलं, "गोळे काढलेस?" मग ती कामाला लागली. ओस पेट्यांतल्या उरल्यासुरल्या माश्या तिनं टोकाच्या चांगल्या पेट्यांवर चढवल्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून, म्हणजे कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्यांची ओळख होते. फुलोरा आला तशा पेट्या भरल्या. भरलेल्या पेट्यांच्या तिनं पुन्हा दोन-दोन केल्या, त्यांना ताज्या अंड्यांच्या चौकटी दिल्या आणि माश्यांनी आपल्या राण्या आपणच घडवल्या. सासरहून निरोपावर निरोप येत होते. ती म्हणे, मध निघाला की येते. तिचे हात सुजले, चेहरा रापला, पण इतकी उजळलेली मी तिला लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. मधवाला ओसरीवरून पुन्हा गिऱ्हाइकांना सांगू लागला होता, "राणी आली म्हणून सावरलं." मला पुन्हा आशा वाटली. मी शहाणा होत नाही, हे माझं दुखणंच आहे.

मध निघाला. सगळे ओसरीवर बसले. धाकट्यानं एक बरणी आणून बहिणीच्या हातात दिली. बरणीवर नवीन कागद चिकटवलेला. वर सोनेरी मुकुट आणि खाली ठसठशीत अक्षरांत मी. राणी मध.

"बघ," मधवाला म्हणाला. त्याला ते नीट दिसत नव्हतं, पण चेहरा आनंदानं फुलला होता. "तुझ्या नावानं काढलाय. आता दुकानादुकानांत तुझं नाव!"

"मुकुट कसा आहे, ताई?" धाकट्यानं विचारलं. "मुद्दाम सोनेरी घेतला."

तिनं बरणी हातात फिरवली. "आणि पेट्या?"

"पेट्या धाकट्याच्याच गं. तू काय सासरी नेणार आहेस का? पण नाव तुझंच राहील, कायमचं."

"हे माझं नाव नाही, बाबा."

मधवाला हसला. "म्हणजे? मग कुणाचं?"

"माझं नाव सांगा. बारशाला तुम्ही ठेवलेलं."

त्यानं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर मी एकटाच होतो. त्यानं मला बाजूला सारलं, माझ्या मागे काही सापडतं का ते चाचपून पाहिलं. काही नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिला बहुधा ठाऊक होतं, पण नवऱ्याच्या आधी बोलायची तिला कधी सवयच लागली नव्हती. धाकटा बरणीवरची अक्षरं वाचल्यासारखं करत राहिला.

"रा..." मधवाला पुन्हा म्हणाला आणि थांबला.

तिनं बरणी त्याच्यापुढे ठेवली. आत जाऊन पिशवी भरली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. मागच्या उतारावर भर दुपारी पेट्या घुमत होत्या. तिनं तिकडे मान वळवली नाही.

तेव्हापासून ती मला ओ देत नाही. सासूबाई राणीसाहेब, राणीसाहेब करून घसा कोरडा करतात. नवरा आधी लाडानं, मग चिडून हाका मारतो. ती समोरच असते, ओट्यापाशी, पाठमोरी, हातातलं काम चालू ठेवून. तिच्याजवळ नाकारायला ती एक ओ तेवढी उरली आहे. पुढल्या मोसमात धाकटा तिला न्यायला आला होता. जिन्यातूनच त्यानं मला पुकारलं. दार उघडलंच नाही.

मित्रांनो, जुन्या भांड्यांची निगा राखा, पुस्तकांची निगा राखा, असं तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी तुम्हाला शब्दाची निगा राखायला सांगतो आहे. जिला काही द्यायचं नसतं, तिला लोक मला देतात. मी फुकट आहे, गोड आहे, आणि मला तोंडात कोंबलं की समोरचीला मागता येत नाही. उद्या तुम्ही आपल्या बहिणीला, बायकोला, लेकीला लाडानं राणी म्हणाल. जरूर म्हणा. पण त्याआधी आपले हात एकदा बघा. ते रिकामे असतील तर मला कृपा करून वापरू नका. मी थकलो आहे.

आणि तिचं खरं नाव काय, असं तुम्ही मला विचाराल. शाळेत कुणी घेतलं असेल, कुठल्याशा कागदावर लिहिलेलं असेल. मला ते ठाऊक नाही. मी जिथं असतो, तिथं ते कुणी उच्चारत नाही.